नाव ओळखीचे, पाहुणा अनोळखी

"आता ई-मेल कोण वापरतो? सगळे व्हॉट्सॲपवरच तर चालते," असे पालकसभेत आम्हाला हमखास ऐकायला मिळते. मग आम्ही त्याच पालकांना विचारतो, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात काय लिहिले होते? बँकेचे स्टेटमेंट कुठे येते? दुबईला असलेल्या भावाने पगाराचा दाखला कशावर पाठवला? प्रत्येक वेळी उत्तर एकच असते. शिवाय घरातल्या जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात एक जीमेल खाते असतेच. ते कोणी उघडत नाही, म्हणून त्याच्यावर लक्षही नसते. लक्ष नसलेल्या दाराबद्दलच हा लेख आहे.

ई-मेलमधून येणारा व्हायरस कुलूप तोडून घरात शिरत नाही. तो ओळखीच्या माणसाचे नाव सांगतो आणि दार आपण स्वतः उघडतो. गेल्या पंचवीस वर्षांत यंत्रे बदलली, व्हायरस बदलले, ही एक गोष्ट मात्र बदललेली नाही.

व्हायरस म्हणजे हवेतून येणारा जंतू नव्हे. तो संगणकाला दिलेल्या हुकमांचा एक कागद असतो. 'या फाइली पूस', 'हा पासवर्ड त्या पत्त्यावर धाड', 'माझ्या शंभर प्रती काढ आणि शंभर जणांना पाठव', असे ते हुकूम. कागद नुसता पडून असेल तर काही होत नाही, तो चालवावा लागतो. आजच्या जीमेलसारख्या सेवेत नुसते पत्र वाचल्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते पत्राला जोडलेली फाइल, म्हणजे अटॅचमेंट उघडल्याने किंवा पत्रातल्या लिंकवर बोट ठेवल्याने. जाणकार लोक व्हायरस, वर्म, ट्रोजन असे भेद करतात. घरच्या कामापुरता तो फरक आम्ही बाजूला ठेवतो.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण ४ मे २००० चे आहे. त्या दिवशी फिलिपाइन्समधून निघालेले एक पत्र काही तासांत आशिया, युरोप, अमेरिका असे फिरले. विषयाच्या जागी 'आय लव्ह यू' हे तीन शब्द होते आणि सोबत एक फाइल होती, 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी'. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, त्यात भिण्यासारखे काही नाही, असे पाहणाऱ्याला वाटे. प्रत्यक्षात नाव तिथे संपत नव्हते. पुढे आणखी एक शेपटी होती, 'डॉट व्हीबीएस'. व्हीबीएस म्हणजे चालणारा हुकूमनामा. पण फाइलच्या नावाची शेवटची शेपटी लपवून ठेवायची विंडोजची सवय असल्यामुळे ती दिसतच नसे.

फाइल उघडताच तो हुकूमनामा आउटलुक या मेल प्रोग्रॅममधली पत्त्यांची वही उघडायचा आणि वहीतल्या प्रत्येकाला तेच पत्र पाठवायचा, आणि तेही यंत्राच्या मालकाच्या नावाने. साहेबाकडून कारकुनाला, बहिणीकडून भावाला. दरम्यान तो संगणकातले फोटो शोधून त्यांच्या जागी स्वतःची प्रत ठेवत होता, गाण्यांच्या फाइली लपवत होता आणि पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम इंटरनेटवरून आणण्याचा प्रयत्न करत होता. ब्रिटनच्या पार्लमेंटला आपली ई-मेल सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. बाधा झालेल्या संगणकांचा अंदाज कोटींमध्ये सांगितला जातो.

इतक्या शिकल्यासवरल्या लोकांनी ती फाइल का उघडली? कारण पत्र अनोळखी माणसाकडून आलेच नव्हते. रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने असे पत्र पाठवले तर 'हे काय आता?' म्हणून कोणीही उघडून पाहील.

हा व्हायरस करणारा ओनेल दे गुझमान मनिलातल्या एका संगणक महाविद्यालयात शिकत होता. लोकांचे इंटरनेटचे पासवर्ड कसे मिळवायचे, याच विषयावर त्याने प्रबंधाचा प्रस्ताव दिला होता आणि महाविद्यालयाने तो नाकारला होता. शिक्षक म्हणून आम्हाला हा तपशील विसरता येत नाही. पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले, पण शिक्षा झाली नाही, कारण त्या वेळी फिलिपाइन्समध्ये व्हायरस सोडणे हा गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता. कायदा पुढच्याच महिन्यात झाला, पण तो मागच्या कृत्याला लागू करता आला नाही. आपल्याकडे मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे व्हायरस घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गंमत म्हणून असले प्रयोग करू पाहणाऱ्या कॉलेजातल्या मुलांच्या कानावर हे घातलेले बरे.

फाइलची शेपटी लपवायची विंडोजची सवय आजही गेलेली नाही. ती मोडायला अर्धे मिनिट लागते. विंडोज ११ असेल तर फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या 'व्ह्यू' वर जा, त्यात 'शो', आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. मग 'निकाहनामा डॉट पीडीएफ' असे भासणारे काही जर 'निकाहनामा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असेल, तर ते उघडे पडेल. ईएक्सई, व्हीबीएस, जेएस, एससीआर, बीएटी ही शेपटी असलेली फाइल कोणत्याही नातेवाइकाने कोणत्याही कारणासाठी ई-मेलने पाठवण्याची गरज नसते. मोबाइलवर हीच जागा 'एपीके' ने घेतली आहे. लग्नाचा दावतनामा म्हणून एपीके फाइल आली, तर ती दावत नव्हे.

२००४ च्या जानेवारीत 'मायडूम' नावाचा व्हायरस आला. त्याने चाल थोडी बदलली. पत्र 'तुमचा मेल पोहोचला नाही, तपशील सोबत पाहा' अशा थाटाचे असे आणि पाठवणाऱ्याच्या जागी खोटाच पत्ता घातलेला असे. म्हणजे व्हायरस शिरलेला असायचा एकाच्या संगणकात आणि नाव लागायचे भलत्याचे. 'पाठवणार' या रकान्यातले नाव म्हणजे पाकिटावर हाताने लिहिलेले नाव. कोणीही काहीही लिहू शकतो. मोठ्या मेल सेवा आता या बाबतीत बरीच तपासणी करतात, तरी हा प्रकार पूर्ण थांबलेला नाही.

यावरून घराघरांत किती कडवटपणा आला असेल, कोण जाणे. "तुमच्या मुलाने आम्हाला घाण पाठवली" असे खालाने म्हणायचे आणि त्या मुलाला बिचाऱ्याला पत्ताच नाही. कोणी खबर घेऊन आला तर तिची आधी शहानिशा करा, अज्ञानातून एखाद्या जमातीला इजा करून बसाल आणि मग पस्तावाल, ही सूरह हुजुरातची ताकीद आपण जुम्म्याच्या बयानात नेहमी ऐकतो. ती मेलबॉक्सलाही लागू आहे आणि दोन्ही बाजूंनी. ओळखीचे नाव दिसले म्हणून फाइल उघडायची नाही आणि ओळखीचे नाव दिसले म्हणून त्या माणसाला दोषही द्यायचा नाही. फोन उचलून "भाईजान, आपण काही पाठवलेय का?" एवढे विचारले की दोन्ही कामे होतात. मेललाच उत्तर देऊन विचारू नये. खाते चोराच्या ताब्यात असेल तर "हो, मीच पाठवले" हे उत्तरही तोच देईल.

आजची चाल याहून बारीक आहे. 'इमोटेट' या नावाने २०१४ पासून गाजलेला प्रोग्रॅम पुढे पुढे लोकांच्या मेलबॉक्समधली जुनी, खरी पत्रे चोरू लागला आणि त्याच पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून आपली फाइल जोडू लागला. विषय तुमचा, खाली तुमचाच जुना मजकूर आणि वर दोन ओळी, 'सोबतचा कागद पाहावा'. संशय कुठून येणार? ती फाइल वर्डची असे. वर्डमध्ये आपोआप चालणारे छोटे हुकूम लिहून ठेवायची सोय असते, तिला मॅक्रो म्हणतात. फाइल उघडली की चित्र दिसे, 'मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा'. कोणाच्याही घरात शिरण्याआधी सलाम करून इजाजत घ्यावी, अशी आपली तालीम आहे. इथे चोरसुद्धा रीतसर इजाजत मागत होता आणि लोक देत होते.

अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून जानेवारी २०२१ मध्ये इमोटेटची यंत्रणा ताब्यात घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा दिसला. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा चोरांनी दुसरी वाट धरली. पासवर्ड लावलेली झिप फाइल पाठवायची आणि पासवर्ड त्याच पत्रात लिहायचा. वाचणाऱ्याला वाटते, पासवर्ड आहे म्हणजे मामला सुरक्षित. खरे कारण उलट आहे. कुलूपबंद पेटीच्या आत काय आहे हे मेल सेवेच्या तपासनीसाला दिसत नाही, म्हणून ते कुलूप लावलेले असते. बँक स्टेटमेंटच्या पीडीएफलाही पासवर्ड असतो हे खरे, पण तो आपल्या जन्मतारखेवरून किंवा अशाच खुणेवरून ठरतो. कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आणि लिंक. हल्ली फाइलपेक्षा लिंकच जास्त येतात, आणि त्या ओळखायची एक रीत उर्दू वाचणाऱ्याला चटकन जमते. लिंकवर बोट दाबून धरले की तिचा पूर्ण पत्ता दिसतो. त्यात दोन तिरक्या रेघांच्या पुढचा, पुढच्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उर्दूसारखा उजवीकडून डावीकडे वाचायचा. खरा मालक उजव्या टोकाला असतो. हज कमिटी ऑफ इंडियाचा पत्ता 'हजकमिटी डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. उजवीकडून 'इन', मग 'जीओव्ही', म्हणजे भारत सरकार. हे नाव सरकारी खात्यांनाच मिळते. आता 'हजकमिटी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असे काही आले तर उजवीकडून काय वाचले जाते? 'अमुकतमुक डॉट कॉम'. तो खरा मालक, बाकीचे सगळे दाखवायचे तोरण. हज कमिटीचे काम असेल तर पत्रातल्या लिंकवरून जाऊच नये, पत्ता स्वतः टाइप करावा.

आखातातल्या नोकरीच्या पत्रांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्याही कितीतरी घरांची चूल तिकडच्या पगारावर चालते. सौदी किंवा कतारच्या कंपनीच्या नावाने 'तुमची निवड झाली आहे, ऑफर लेटर सोबत आहे' असे पत्र आले की महिनोन्महिने वाट पाहणारा मुलगा ते उघडणारच. चोराला ती घाई माहीत असते. अर्जच केला नसेल तिथून निवड येत नाही. अर्ज केला असेल तर पत्र कोणत्या एजंटामार्फत आले ते पाहावे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत त्याचे नाव आहे का ते तपासावे. पासपोर्टचा फोटो मागणारी लिंक त्याआधी उघडायचे काम नाही. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, पासपोर्टची प्रत एकदा गेली की परत मागता येत नाही.

आमच्या परिचयातल्या एका घरी अशाच फाइलीने संगणकातली प्रत्येक फाइल कुलूपबंद केली. याला रॅन्समवेअर म्हणतात. फाइली जागेवर दिसतात पण उघडत नाहीत आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी येते. २०१६ मध्ये 'लॉकी' नावाचा असाच प्रकार बिलाच्या बहाण्याने जगभर गेला होता. या घरात फाइल सुनेच्या हातून उघडली गेली. संगणक विचित्र वागतोय हे तिला तासाभरातच कळले होते, पण बोलणी बसतील म्हणून ती गप्प राहिली. तीन दिवसांनी पतीने पाहिले, तेव्हा यंत्राला कायमचा लावून ठेवलेला पेनड्राइव्हही गेला होता. त्यात मरहूम सासऱ्यांचे फोटो आणि मुलीच्या निकाहचे चित्रण होते. खंडणी त्यांनी दिली नाही, ते बरोबरच केले. पैसे दिले तरी किल्ली मिळेलच याचा भरवसा नसतो.

त्या घरात दोष सगळ्यांनी सुनेला दिला. आमचे मत वेगळे आहे. ज्या घरात चूक सांगायला भीती वाटते, त्या घरातले नुकसान तासांचे दिवस होईपर्यंत वाढत जाते. पहिल्याच तासाला तिने हाक मारली असती तर पेनड्राइव्ह काढता आला असता. मुलांना आणि घरातल्या बायकांना हे आधीच सांगून ठेवले पाहिजे की काही भलते उघडले गेले तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही. आणि मग खरोखरच रागवायचे नाही.

असे झाले तर पहिले काम इंटरनेट तोडायचे. वायफाय बंद, तार असेल तर ओढून काढायची, जोडलेला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क काढून घ्यायची. नंतर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ई-मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलायचा. त्याच यंत्रावर बदलला तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जाण्याची भीती असते. मग आप्तांना फोनवर कळवायचे की माझ्या नावाने काही आले तर उघडू नका. यात शरम कसली? खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा. ही सायबर फसवणुकीसाठीची देशभराची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. संगणक साफ करण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर मिळतात.

अँटिव्हायरसबद्दल आम्हाला सर्वात जास्त विचारले जाते, आणि सांगण्यासारखे त्यातच सर्वात कमी आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये कंपनीचा स्वतःचा अँटिव्हायरस असतोच. घरच्या वापराला तो पुरतो, मात्र विंडोज अस्सल आणि अपडेट केलेली हवी. विकत घ्यायचाच तर आपल्या पुण्यातच कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी उभा केलेला 'क्विक हील' सर्वांना माहीत आहे. पण शंभर रुपयांत चोरीची विंडोज टाकून घ्यायची आणि तिच्यावर हजाराचा अँटिव्हायरस लावायचा, याला काय म्हणावे? विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, हेही जुना संगणक असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अँटिव्हायरसपेक्षा मोठे भगदाड आम्हाला दुसरीकडेच दिसते. आपल्या वस्तीतल्या किती जणांचे ई-मेल खाते त्यांनी स्वतः काढले आहे? शाळेचा फॉर्म भरताना नेटकॅफेवाल्याने काढून दिले, पासवर्ड त्यानेच ठरवला, बहुधा नाव आणि पुढे १२३, आणि तो त्याच्या वहीत लिहिलेला आहे. परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबरही कधी कधी त्याचाच. तो माणूस प्रामाणिक असेल, पण त्याची वही काउंटरवर उघडी पडलेली असते आणि त्याच्या संगणकात दिवसभर पन्नास पेनड्राइव्ह लागतात. अशा खात्यात दुसरा कोणी शिरला की तुमच्या नावाने नातेवाइकांना पत्रे जाऊ लागतात. म्हणजे या लेखात वर सांगितलेला 'ओळखीचा माणूस' तुम्ही स्वतः होता.

यासाठी या आठवड्यात घरी बसून एवढे करता येईल. फोनमधले जीमेल उघडून कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, 'मॅनेज युवर गुगल अकाउंट' मध्ये जा आणि 'सिक्युरिटी' पाहा. तिथे पासवर्ड बदला, नंबर आपला घाला आणि 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा. त्यानंतर पासवर्ड कोणाला कळला तरी तुमच्या फोनवरच्या होकाराशिवाय किंवा कोडशिवाय आत शिरणे फार अवघड होते. त्याच पानावर 'युवर डिव्हाइसेस' मध्ये खाते कुठे कुठे उघडे आहे ते दिसते. ओळखीचे नसलेले यंत्र तिथे दिसले तर 'साइन आउट' दाबा. नेटकॅफेत खाते उघडून तसेच घरी आलेल्यांना इथे बऱ्याच जुन्या जागा सापडतील.

आणि फोटो, निकाहनामा, सातबारा, मुलांच्या मार्कशीट यांची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा. प्रत निघाली की पेनड्राइव्ह यंत्रातून काढायचा आणि जिथे घराचे कागद ठेवता त्या कपाटात, त्याच पिशवीत ठेवायचा. दोन्ही ईदच्या आधी घर आवरायला काढतोच, तेव्हा तो बाहेर काढून नव्या फोटोंची भर घालावी.